शेतात मेटल डिटेक्टरला लागलेली ही खेळण्यातली गाडी कुठली? ओळखायला मदत हवी (बाळे, सोलापूर)

काळंरान:

नमस्कार मंडळी. बाळ्याच्या पुढं आमचं वडिलोपार्जित रान आहे. आजोबांनी विहिरीपासून वरच्या तुकड्यापर्यंत जीआयचा लोखंडी पाईप पुरला होता. आता तिथनं ठिबकची मेन लाईन न्यायची आहे आणि जुना पाईप नेमका कुठून गेलाय हे घरात कुणालाच सांगता येईना. मित्राकडं मेटल डिटेक्टर आहे, तो रविवारी सकाळी मशीन घेऊन आला.

पाईप तासाभरात सापडला. त्याचा आवाज सलग येतो, चालत जावं तसा सोबत चालतो. परत येताना पूर्वेच्या बांधाजवळ मात्र मशीन वेगळंच वाजलं. डावीकडून फिरवलं की लोखंडाचा घोगरा आवाज, उजवीकडून फिरवलं की एकदम बारीक आणि स्वच्छ. पडद्यावरचा आकडा एका जागी थांबेना. मित्र म्हणाला, असा उड्या मारणारा आकडा आला की बहुतेक दोन धातू एकत्र असतात. खुरप्यानं उकरलं. वीतभर खाली हे लागलं.

काळ्या मातीत लडबडलेलं ढेकूळ, साधारण साडेदहा सेंटिमीटर लांब, चार रुंद. हाताला चांगलं जड. माती झाडल्यावर मोटारीचा आकार दिसला. फोटो जोडलेत. जे दिसतंय ते लिहितो:

टप शाबूत आहे, खिडक्यांच्या जागी भोकं आहेत. पुढं दोन-दोन करून चार बारीक गोल उंचवटे आहेत. मागं डिकीच्या जागी चौकोनी खड्डा, झाकण नाही. चाक एकच उरलंय. अंगावर पांढरी भुकटी जमलीय, मधेमधे रंगाचा अंश वाटतो पण कुठला ते कळत नाही. खाली सपाट पट्टी आहे, तिच्यावर अक्षरं आहेत, मातीनं भरलेली. चुंबक अंगाला चिकटत नाही. चाकाच्या दांडीला चिकटतो. डिकीच्या खड्ड्यात कोपऱ्यात एक गंजलेला गोल मणी घट्ट बसलाय, त्यालाही चिकटतो.

आई म्हणते ठेव, नातवंडं बघतील. वडिलांनी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि काही न बोलता परत दिली.

कुठली आहे, किती जुनी आहे, कशानं साफ करू, तिन्ही सांगा.

शेंगाचटणी:

वा! वीतभर खोल म्हणजे जुनंच असणार. मला तर वाटतं मार्शल लॉच्या, म्हणजे लष्करी अंमलाच्या वेळचं असेल. मे १९३० मध्ये सोलापुरात गोरे सोजीर उतरले होते, त्यांच्या साहेबाच्या पोराचं खेळणं असू शकतं. आमच्या आजीला ते दिवस आठवायचे. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून जाताना ती नेहमी हात जोडायची. असं काही निघालं तर जपून ठेवा, आपल्या गावाचा इतिहास आहे.

बाराबंदी:

जत्रेतलं खेळणं आहे का बघा. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर पत्र्याची खेळणी यायची, मी लहानपणी घेतलीत. तेलाच्या वातीवर फटफट चालणारी बोट, चावीचं माकड, पत्र्याची बस. पण ती हलकी असायची. पत्रा वाकवून कानं दुसऱ्या बाजूनं दुमडलेली असायची, बोटाला लागायची. तुमच्या फोटोत कानं दिसत नाहीत. आणि पत्र्याचं असतं तर आपल्या मातीत पन्नास वर्षांत चाळण झालं असतं.

चिंच-मीठ लावून बघा हो, पितळेसारखं लख्ख निघेल.

ओतकाम:

थांबा! चिंच लावू नका. लिंबू, व्हिनेगर, कोकम, काहीही आंबट लावू नका.

मी बावीस वर्षं डायकास्टिंगमध्ये (वितळलेला धातू साच्यात दाबून वस्तू ओतणं) काम करतोय, तुमचे फोटो मोठे करून पाहिले. हे जस्ताचं ओतीव काम आहे. टपाच्या मधोमध पुढून मागं गेलेली बारीक रेघ दिसते का? साचा दोन भागांचा असतो, ते जिथं मिटतात तिथं ही रेघ उमटते. आत टॉर्च मारा, टपाच्या आतल्या बाजूला टिकलीएवढे गोल ठसे दिसतील. वस्तू साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या पिना असतात, त्यांच्या त्या खुणा. आणि खालची पट्टी जिथं बसवलीय तिथं स्क्रू नाहीत. गाडीच्या अंगातूनच निघालेले दोन खुंट पट्टीच्या भोकातून वर काढून डोक्यावर पिटलेत. कारखान्यातल्या मालाची ही ओळख आहे.

शिसं आहे का अशी शंका कुणाला येईल म्हणून सांगतो. शिसं नखानं ओरबाडलं जातं आणि कागदावर घासलं तर पेन्सिलीसारखी रेघ ओढतं. जस्त तसं करत नाही. खेळण्यांसाठी जे मिश्रण वापरतात त्यात जस्ताबरोबर साधारण चार टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि अगदी थोडं मॅग्नेशियम, कधी तांबं असतं. शुद्ध जस्त ४१९ अंशांना वितळतं, हे मिश्रण त्याच्याही खाली. पातळ होऊन साच्याच्या बारीकसारीक कोपऱ्यात शिरतं, म्हणून एवढी बारीक अक्षरं आणि दिव्यांचे उंचवटे येतात.

आता महत्त्वाचं. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अशा खेळण्यांत जस्तात शिशाची भेसळ राहून जायची. मग धातू आतल्या आत कुजतो, फुगतो, वाळलेल्या तळ्याच्या गाळासारखा जाळीदार तडकतो आणि एक दिवस हातात भुगा होतो. तुमच्या गाडीवर पांढरी भुकटी आहे, ती जस्ताचा वरवरचा गंज. जाळीदार तडा मला एकही दिसला नाही. धातू स्वच्छ आहे. १९३० ची वस्तू इतकी धडधाकट निघणं मला अवघड वाटतं.

साफ करायचं तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणा. वाटीत अर्धा तास भिजवा. माती आपोआप सुटेल. मग जुना मऊ टूथब्रश, आणि अक्षरांत फक्त बांबूची काडी. तारेचा ब्रश, सुई, पॉलिश पेपर काही नको. सावलीत वाळवा. डिकीतला मणी उपसायला जाऊ नका, लोखंडाच्या गंजानं तो भिंतीला धरलाय, ओढलात तर भिंत येईल.

खेळणीवेडा:

ओतकामांशी सहमत, आणि माझ्याकडून दोन मुद्दे.

एक, खिडक्या. तुमच्या चौथ्या फोटोत मागच्या खिडकीच्या कोपऱ्यात पिवळट चकचकीत काहीतरी आहे. ती प्लास्टिकची काच असावी. छोट्या ओतीव गाड्यांना काचा बसवण्याची टूम १९५६ मध्ये कॉर्गी या ब्रिटिश खेळण्यांच्या कंपनीनं आणली आणि त्याच मुद्द्यावर आपला माल विकला. त्याआधीच्या गाड्यांच्या खिडक्या नुसती भोकं असायची.

दोन, पुढचे चार दिवे. दोन दिव्यांऐवजी चार, आणि एवढं लांबरुंद नाक. मला जग्वारची मोठी सलून मोटार दिसतेय, मार्क टेन. खरी गाडीच १९६१ मध्ये बाजारात आली. खेळणं गाडीच्या आधी येऊ शकत नाही. म्हणजे तुमची वस्तू १९६१ नंतरची, हे पक्कं धरा.

खालची अक्षरं वाचा आणि सांगा. सगळं तिथं लिहिलेलं असतं.

शेंगाचटणी:

मग वीतभर खोल कशी गेली? साठ वर्षांत एवढी माती चढते का?

भेगाळ:

मी मृदाशास्त्र शिकवते, म्हणून या प्रश्नाला मीच उत्तर द्यायला हवं.

आपल्या काळ्या मातीत खोलीवरून वय सांगता येत नाही. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मे मध्ये बाळ्याच्या रानात जाऊन बघा, हात जाईल अशा भेगा असतात. वर पडलेली वस्तू भेगेत घसरते, पहिल्या वळवानं भेग मिटते, वस्तू आत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. शिवाय खालची माती वर ढकलली जाते. थर जागच्या जागी राहतच नाहीत. गावठाणाच्या पांढरीत किंवा नदीकाठच्या गाळात थरांवरून काही बोलता येतं, काळ्या रानात नाही. वीतभर खोल हे तीन उन्हाळ्यांचं काम असू शकतं.

दुसरं, बांधाजवळची माती कुठून आली हे बघा. बांधावर कायम काही ना काही आणून टाकलेलं असतं.

काळंरान:

ओतकाम, तुम्ही सांगितलं तसंच केलं. पाणी चहासारखं झालं. टपाच्या आत गोल ठसे आहेत, चार. रंग निळसर आहे, चाकाच्या कमानीखाली नखाएवढा उरलाय.

अक्षरं अशी: वरच्या ओळीत पाच अक्षरांचा शब्द. पहिलं अक्षर झिजलंय. दुसरं 'आय'. तिसरं अक्षर दगडासारख्या मातीनं भरलंय, अजून निघालं नाही. मग 'के', 'वाय'. त्यापुढं 'टॉईज' असा स्पष्ट शब्द. दुसऱ्या ओळीत शेवटी 'यू, ए, आर' वाचता येतं.

बाराबंदी:

'यू, ए, आर' म्हणजे जग्वार! खेळणीवेडा, मानलं तुम्हाला.

रेल्वेलाईन्स:

आणि वरचा शब्द डिंकी. डिंकी टॉईज! आमच्या शेजारच्या रेल्वेतल्या अधिकाऱ्यांच्या घरी काचेच्या कपाटात होत्या, हात लावायची परवानगी नव्हती. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या. तेच ते नटबोल्टच्या पट्ट्यांचं मेकॅनो, फ्रँक हॉर्नबीनं १९०१ मध्ये पेटंट घेतलेलं. डिंकी हे नाव १९३४ पासूनचं. अभिनंदन, इंग्लंडची गाडी सोलापूरच्या रानात!

खेळणीवेडा:

डिंकीच्या यादीत जग्वार मार्क टेन आहे, १४२ क्रमांकाची, १९६२ पासून. डिकी उघडायची आणि आत सामानाच्या बारीक पेट्या असायच्या. तुमच्या मागच्या खड्ड्याशी जुळतं.

तरी मी अजून डिंकी म्हणणार नाही. काळंरान, ते तिसरं अक्षर काढा. घाई न करता, काडीनं. त्या अक्षराच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा आहेत की ते गोल आहे, एवढंच मला हवंय. आणि नावाखालची पट्टी बोटानं चाचपा. बाकीच्या तळापेक्षा तेवढा भाग वर आलाय का?

वकीलपेठ:

तोवर एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण हा धागा वाचून उद्या चार पोरं मशीन घेऊन बाहेर पडतील.

स्वतःच्या रानात पाईप शोधणं वेगळं. आपला भुईकोट किल्ला संरक्षित स्मारक आहे. त्याच्या आवारात, खंदकात परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे. जमिनीत दडवलेलं धन सापडलं तर १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू निघाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं, जमीन स्वतःची असली तरी. शंभर वर्षांपेक्षा जुन्या नाण्यांना, मूर्तींना, भांड्यांना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. काळंरान यांची गाडी १९६१ नंतरची ठरली, त्यामुळं ती पुरावशेषांत येत नाही. पण हेच ढेकूळ नाण्यांचं गाडगं असतं तर इथं फोटो टाकण्याआधी तहसील गाठायला हवं होतं. लोक भीतीनं लपवतात, वितळवतात, आणि वस्तूबरोबर ती कुठं सापडली ही माहितीही जाते. कळवल्यानं तुरुंगात जात नाही कुणी, लपवल्यानं जातो.

काळंरान:

अक्षर निघालं. दोन संध्याकाळी लागल्या.

गोल आहे. उजवीकडून उघडं. 'सी'.

आणि हो, नावाचा भाग वर आलाय. आयताकृती, बाकीच्या तळापेक्षा कागदाच्या दोन-तीन घड्यांएवढा उंच. बोट फिरवलं की कड लागते.

खेळणीवेडा:

मी जागेवरून उठलो वाचून.

ही डिंकी नाही. ही निकी आहे. निकी टॉईज, कलकत्ता.

सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट आपल्याकडं फार थोड्यांना माहीत आहे. १९५७ च्या सुमारास देशात परकीय चलनाची टंचाई झाली आणि खेळण्यांसारख्या मालाची आयात जवळजवळ बंद झाली. दुकानात परदेशी मोटारी मिळेनात. तिकडं इंग्लंडमध्ये मेकॅनो कंपनी अडचणीत येऊन १९६४ मध्ये लाइन्स ब्रदर्स या दुसऱ्या खेळण्यांच्या कंपनीकडं गेली. डिंकीच्या ज्या गाड्या यादीतून उतरल्या त्यांचे साचे निवृत्त झाले, पण साचा पोलादाचा असतो, तो पुष्कळ काम देऊ शकतो. साठच्या दशकाच्या शेवटी असे काही साचे कलकत्त्याच्या एस. कुमार अँड कंपनीकडं आले आणि त्यांनी त्यातून गाड्या ओतल्या. नाव बदलायला हवं होतं. डिंकीचं झालं निकी. इंग्रजीत दोन्ही शब्द पाच अक्षरी, दुसरं अक्षर तेच, शेवटची दोन तीच. फरक पहिल्या आणि तिसऱ्या अक्षरात. पहिलं तुमच्याकडं झिजलेलं. म्हणून मी तिसऱ्यावर अडून बसलो होतो.

आता ती उंच पट्टी. ओतकाम मला दुरुस्त करतील. गाडीवर अक्षर उठावदार दिसतं म्हणजे साच्यात ते कोरलेलं, खोल असतं. साच्यातलं जुनं नाव घालवायचं तर तेवढा भाग त्याहून खोल कापून काढावा लागतो. मग गाडीवर तेवढी जागा वर येते. तुमच्या बोटाला लागणारी कड म्हणजे साच्यातून डिंकी हे नाव खोदून काढल्याची जागा आहे.

ओतकाम:

दुरुस्त करण्यासारखं काही नाही, अगदी बरोबर. आम्हीही गिऱ्हाईक बदललं की डायमधलं, म्हणजे साच्यातलं नाव असंच काढतो. काळंरान, त्या पट्टीचा फोटो बाजूनं उजेड मारून काढा, तिरपा. कड स्वच्छ दिसेल.

मला एक गोष्ट फार भावली. लिव्हरपूलमध्ये कुणा कारागिरानं तो साचा हातानं घासला, कलकत्त्यात दुसऱ्या कुणी त्यात छिन्नी चालवली, आणि दोघांचंही काम आज बाळ्याच्या बांधावर एकाच तुकड्यात वाचता येतंय.

भेगाळ:

आणि दांडी लोखंडाची, डिकीतला मणी लोखंडाचा, अंग जस्ताचं. म्हणून मशीनचा आकडा उड्या मारत होता. तुमच्या मित्राचं बरोबर होतं.

गिरणीचा नातू:

माझा प्रश्न वेगळा आहे. कलकत्त्याची ही गाडी त्या काळात स्वस्त नसणार. बाळ्याच्या रानात ती खेळणारं पोर कोण? १९७० च्या आसपास तुमच्या घरात दहा वर्षांच्या आतबाहेर कोण होतं? आधी त्यांना विचारा, आणि विचारताना डिकीतल्या मण्याबद्दल काही सांगू नका. त्यांनी स्वतःहून सांगितलं तर गाडी त्यांचीच.

काळंरान:

गिरणीचा नातू, तुमचं ऐकलं. जे झालं ते लिहावं की नाही याचा चार दिवस विचार केला. वडिलांना विचारलं, ते म्हणाले लिही.

माझे थोरले चुलते जुळे सोलापुरात राहतात, आम्ही त्यांना दादा म्हणतो. गाडी टॉवेलात गुंडाळून घेऊन गेलो. वडीलही बरोबर आले, न सांगता गाडीत येऊन बसले. दादांच्या हातात टॉवेल दिला. त्यांनी उघडला आणि पहिलं वाक्य होतं, "आरं, ही कुठं होती?"

मग बोलत सुटले. आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. मिलच्या कामासाठी मुंबईला गेले होते तेव्हा दिवाळीला ही आणली, सत्तर साली. निळी होती. "डिकी उघडायची बघ. तिच्यात आम्ही छर्रे भरायचो, सायकलच्या चाकातले. पळवली की खुळखुळ वाजायची." मी काहीच सांगितलं नव्हतं. अंगावर काटा आला.

मग म्हणाले, गुढीपाडव्याच्या आधी गेली चोरीला. आमच्याकडं तेव्हा सालगडी होता, त्याचा मुलगा दादांच्याच वयाचा, दिवसभर बरोबर खेळायचा. सगळ्यांनी धरलं की त्यानंच उचलली. आजोबांनी त्याला मारलं. पाडव्याला सालं ठरतात, त्या पाडव्याला त्याच्या वडिलांचं साल पुढं धरलं नाही. बिऱ्हाड पाठीवर घेऊन ते कुटुंब निघून गेलं.

वडील खुर्चीवर बसून ऐकत होते. म्हणाले, "दादा, ती मी टाकली. विहिरीत."

ते तेव्हा सात वर्षांचे. दादा हात लावू देत नव्हते म्हणून रागाच्या भरात काठावरून फेकली. मग त्या मुलाला मार बसताना बघितला आणि घाबरून तोंड मिटलं. पाडव्याला बैलगाडीत भांडी चढवताना बघितली, तेव्हाही बोलले नाहीत. पुढं बोलायची वेळच निघून गेली, असं म्हणाले. परवा मी बांधावरून गाडी आणून त्यांच्या हातात दिली तेव्हा ते गप्प का झाले ते मला आत्ता कळलं.

भेगाळताई, तुम्ही बांधावरची माती कुठून आली ते बघा म्हणाला होता. बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली, आजोबांनी ती खोल केली. निघालेला गाळ बैलगाडीनं नेऊन पूर्वेच्या बांधाकडं पसरला. दादांना ते स्वच्छ आठवतं, सुकाळाला पीक येईल म्हणून पसरला होता. गाडी त्या गाळात गेली असणार.

गिरणीचा नातू:

वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. या वयात असं बोलायला फार लागतं.

तो मुलगा आता कुठं आहे, काही पत्ता?

बाराबंदी:

माझे आजोबाही सालगडी होते. पाडव्याला साल न धरणं म्हणजे काय ते आमच्या घरात माहीत आहे. भर उन्हाळ्यात, सगळ्यांची सालं ठरून गेल्यावर कुणी घेत नाही. वर्ष कसं काढायचं ते बाईमाणसालाच ठाऊक. काळंरान, ते कुटुंब सापडत असेल तर जाऊन या. फोन करू नका, जा.

काळंरान:

गेलो होतो. वडिलांना पत्ता माहीत होता. इतकी वर्षं माहीत होता.

होटगी स्टेशनच्या बाजूला सालगड्याच्या त्या मुलाचं सायकल-पंक्चरचं दुकान आहे, आता त्यांचा मुलगा बघतो. दादा, वडील आणि मी गेलो. दादांनी ओळख सांगितली तेव्हा ते उभेच राहिले, बसा म्हणाले नाहीत. वडिलांनी जे सांगायचं ते उभ्यानंच सांगितलं. मी बाहेर थांबणार होतो, पण वडिलांनी माझा दंड धरून ठेवला होता.

ते काही बोलले नाहीत. दुकानातला एअरचा पंप चालू होता, मुलानं तो बंद केला. आतून त्यांच्या घरच्यांनी पाणी आणलं. मग ते म्हणाले, "आमचे अप्पा मरेपर्यंत मला इचारायचे, खरं सांग, घेतली होतीस का. मी न्हाई म्हनायचो. त्यांना हे ऐकायला पायजे होतं."

वडील रडले. मी त्यांना रडताना आजीच्या वेळी बघितलं होतं, त्यानंतर आत्ता.

दादांनी टॉवेल उघडला. त्यांनी गाडी हातात घेतली, उलटी केली आणि सरळ डिकीच्या खड्ड्यात बोट घातलं. आम्ही कुणी काही सांगितलं नव्हतं. म्हणाले, "ह्यो छर्रा माझा हाय. मामाच्या दुकानातनं आनलेला. चार दिले होते तुमाला."

दादा म्हणाले, मग तो तुमचा तुम्ही ठेवा. त्यांच्या मुलानं बारीक पकड आणली, जरा हलवून बघितला. ओतकामांनी लिहिलं होतं तेच, गंजानं भिंतीला धरलाय. जोर केला तर डिकीची कड सुटेल.

म्हणून गाडीच तिथं ठेवून आलो.